छत्रीखालचा चेहरा

दिवाळीपूर्वी घराला रंग काढायचा म्हटले की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, जुने सामान टाकून द्या. दुसरा पक्ष म्हणजे मी. यंदाही तसेच झाले. माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या, त्यांतून झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणे निघाली, आणि अगदी तळाशी, माझ्या एका जुन्या धोतरात गुंडाळलेला हार्डबोर्डाचा तुकडा निघाला. दहा इंच रुंद, बारा इंच उंच. धोतर सोडले आणि अक्का समोर आली.

या सदराच्या जुन्या वाचकांना अक्का परकी नाही. तिच्या आमसुलाच्या साराबद्दल आणि तिच्या हिशेबाच्या वहीबद्दल मी पूर्वी लिहिले आहे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आम्हां तिघा भावांना तिने वाढवले, शिकवले, मार्गी लावले, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कोणाला काढू दिला नाही. उभा जन्म वाईला शाळेत मुलींना गणित शिकवण्यात गेला. शेवटची काही वर्षे ती आमच्याकडे पुण्याला होती. गेल्या वर्षी माघात गेली.

चित्र १९८८ सालच्या डिसेंबरातले, मेणवलीच्या घाटावरचे. नाना फडणिसांच्या वाड्यामागे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आहे तो. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली ती मोठी घंटा तिथेच आहे. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' चित्रपटात हा घाट पाहिल्यापासून तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी वाढली. १९८८ साली आम्ही दोघे, धुणे धुणाऱ्या दोन बायका आणि एक कुत्रे, एवढेच होतो. चित्रात पायऱ्या आहेत, पाणी आहे, काळी छत्री घेऊन बसलेली अक्का आहे. अंगावर तपकिरी काठांचे पांढरे लुगडे. चेहरा छत्रीच्या सावलीत. डोळे म्हणजे ब्रशाचे दोन फटकारे, नाक म्हणजे एक, आणि तोंडाच्या जागी एकच रेघ, डाव्या टोकाशी जराशी जाड झालेली. चाळीस-पन्नास मिनिटांत केलेले स्केच ते. त्याला पूर्ण चित्र म्हणण्याचे धाडस मी कधी केले नाही.

चित्र खुर्चीवर टेकवून ठेवले आणि घरातली मंडळी भोवती जमली.

"अक्का किती छान हसतायत," आमची ही म्हणाली.

"हसतायत? आई, मला तर आत्या रडून आल्यासारखी वाटते," चिरंजीव म्हणाले.

नात नऊ वर्षांची आहे. तिला आत्याआजीने पाढे शिकवले होते. ती म्हणाली, "रागावलीय. एकोणतिसाचा पाढा चुकला की अशीच बघायची."

सूनबाई समंजस आहेत. त्या म्हणाल्या, "बाबा, विचारात आहेत हो. कुठल्या तरी खोल विचारात."

एवढ्यात शिडीवरून रंगारी उतरला. त्याने हातातला ब्रश डब्यात ठेवला, चित्राकडे क्षणभर पाहिले आणि निकाल दिला, "बाईंना ऊन लागतंय, साहेब."

आम्ही सगळे हसलो. पण खरे सांगायचे तर पाच जणांत शास्त्राला धरून बोलला तो हा एकटाच. उन्हात माणूस डोळे बारीक करतो, भुवया आपोआप जवळ येतात, गाल वर चढतात. राग आला तरी भुवया जवळच येतात आणि हसू आले तरी गाल वरच चढतात. उघड्यावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर राग, हसू आणि ऊन यांची अशी सरमिसळ असते. समोर प्रत्यक्ष माणूस असले की ते पुढच्या क्षणी हलते, बोलते, आणि आपल्याला उलगडा होतो. चित्रातले माणूस हलत नाही. लिओनार्दो दा व्हिंचीने तर चित्रकारांसाठी लिहूनच ठेवले आहे की चेहरे पाहावेत ते संध्याकाळी किंवा आभाळ भरून आलेले असताना. तेव्हा त्यांच्यावर मार्दव येते. माझ्यासारख्या रविवारच्या चित्रकाराला आभाळाची सोय पाहून रजा मिळत नसे.

रडण्याचेही तसेच. चिरंजिवांना आत्या रडलेली दिसली ती निळ्या रंगामुळे. चेहऱ्याच्या सावलीत मी अल्ट्रामरीन भरपूर वापरला होता, आणि तो माझ्या मनाने घातलेला नव्हता. स्वच्छ दिवशी उघड्यावरची सावली काळी नसते. सूर्याचा थेट प्रकाश अडला तरी आभाळाचा निळा उजेड तिच्यात उतरतोच. घरात बसून रंगवणाऱ्या जुन्या चित्रकारांनी सावल्या तपकिरी केल्या, कारण त्यांच्या खोलीत त्या तशाच दिसत असत. पुढे १८४१ साली जॉन गॉफ रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची दाबायची ट्यूब काढली. तोवर तेलात घोटलेला रंग डुकराच्या फुग्यात बांधून ठेवावा लागे. आता तो खिशात घालून शेतात नेता येऊ लागला, आणि शेतात गेल्यावर सावल्या निळ्याजांभळ्या दिसू लागल्या. सांगायचा मुद्दा इतकाच की निळा रंग आधी हवेचा असतो. पाहणारा तो दुःखाच्या खात्यात टाकतो.

हे सगळे मी मंडळींना ऐकवले. ऐकून घेतल्यावर चिरंजीव म्हणाले, "ते ठीक आहे बाबा. पण आत्याचा एक फोटो धड नाही. शाळेच्या घोळक्यातले आहेत, नाहीतर आधार कार्डावरचा. रंग झाला की हॉलमध्ये हेच चित्र लावू. फक्त तुम्ही चेहरा जरा नीट करून द्या. डोळे जरा स्पष्ट, आणि थोडंसं हसू. तुम्हांला काय, दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचेच काम होते. म्हणूनच मला झोप आली नाही.

असा एक चेहरा माझ्या मनात फार दिवस घर करून आहे, आणि तो आमच्या घरातला नाही. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८७५ साली पॅरिसजवळच्या आर्जांतई गावी आपल्या बायकोचे, कामीयचे, चित्र केले. गवताच्या चढावर ती उभी आहे, हातात छत्री, अंगावर पांढरा झगा. जरा मागे सात-आठ वर्षांचा मुलगा झाँ. चित्रकार खाली उभा राहून वर पाहतो आहे, म्हणून दोघांच्या मागे नुसते आभाळ. वारा आहे. चित्र तसे मोठे, शंभर सेंटिमीटर उंच आणि एक्क्याऐंशी रुंद, पण केले आहे स्केचच्याच घाईने. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी ते छापील पुस्तकांतूनच पाहिले आहे, पण पाहिले आहे शेकडो वेळा.

कामीय चालता चालता वळून आपल्याकडे पाहते आहे. टोपीवरून सुटलेली तलम जाळी वाऱ्याने चेहऱ्यावर आली आहे. जाळीमागे डोळे आहेत, तोंड आहे, पण त्या चेहऱ्यावर काय आहे ते आजवर मला ठरवता आलेले नाही. एके दिवशी वाटते, नवऱ्याने हाक मारली म्हणून ती हसून थांबली आहे. दुसऱ्या दिवशी वाटते, छे, ही कंटाळली आहे. किती वेळ उभी करणार आणखी, असे विचारते आहे. आणि एखाद्या दिवशी वाटते की ती निरोप घेते आहे. हे शेवटचे मात्र चित्रातले नाही, आपल्याला पुढचे ठाऊक असते म्हणून वाटते. चार वर्षांनी, १८७९ च्या सप्टेंबरात, कामीय आजारपणात गेली. वय अवघे बत्तीस. १८७५ सालच्या त्या उन्हात हे ना तिला ठाऊक होते ना त्याला. १८७६ च्या प्रदर्शनात चित्र लागले तेव्हा पाहणाऱ्यांना त्यात छत्री, वारा आणि फिरायला निघालेली बाई दिसली असेल. आपण मात्र तो चेहरा उलट्या बाजूने वाचतो.

कामीय गेली तेव्हा मोनेने तिचे मृत्युशय्येवरचेही चित्र केले. पुढे म्हातारपणी त्याने आपला मित्र क्लेमांसो याच्यापाशी कबुली दिली की त्या प्रिय चेहऱ्यापाशी बसलो असताना मृत्यूने त्यावर चढवलेल्या निळ्या, पिवळ्या, करड्या छटा आपण नकळत टिपत होतो. मला हे वाचून पूर्वी त्याचा राग येई. आता येत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १८८६ साली, अकरा वर्षांनी, त्याने पुन्हा तसेच चित्र केले. एक नव्हे, दोन. तोच चढ, तेच आभाळ, तीच छत्री, आणि कामीयच्या जागी सुझान, म्हणजे पुढे त्याची दुसरी बायको झालेल्या अलीसची मुलगी. एका चित्रात ती डावीकडे वळलेली, दुसऱ्यात उजवीकडे. दोन्ही आज पॅरिसला ऑर्से संग्रहालयात आहेत. गवत पूर्वीपेक्षा रसरशीत, ऊन पूर्वीपेक्षा झगझगीत, आणि चेहऱ्याच्या जागी जवळजवळ काहीच नाही. माणूस निसर्गचित्रासारखे रंगवायचे हा त्याचा प्रयोग होता, असे जाणकार सांगतात, आणि त्याने त्या चित्रांना दिलेले नावही तसेच आहे: मोकळ्या हवेतल्या आकृतीचा प्रयत्न. असेल. मला आपले वाटते की त्याचा हात त्या जागी आला आणि थांबला. या वाटण्याला पुरावा नाही, हे कबूल.

अंधारात दिवा असला की चित्रकाराची या फेऱ्यातून सुटका होते. आपल्या सावळाराम हळदणकरांचे ते हातात समई घेतलेल्या बाईचे चित्र घ्या. कितीतरी घरांनी ते कॅलेंडरवर पाहिले आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्यांची मुलगी त्यासाठी उभी राहिली होती. दिव्याचा उजेड बोटांतून झिरपत चेहऱ्यावर येतो आणि मन आपोआप शांत होते. कुणी म्हणत नाही की बाई रागावली आहे. एकच दिवा, एकच बाजू, एकच भाव. उघड्यावर उजेड दहा दिशांनी येतो.

अक्काच्या चेहऱ्यावर तर तो खालून आला होता. तिची छत्री काळी, वाईच्या बाजारातली, एक काडी मोडलेली. काळ्या कापडातून वरचा उजेड गळत नाही. मग जो येतो तो पायऱ्यांवरून आणि पाण्यावरून परतलेला. आपण जन्मभर माणसांचे चेहरे वरच्या उजेडात पाहतो. वरचा ओठ काळसर, खालचा उजळ, हनुवटीखाली सावली, ही आपल्या डोळ्यांची बाराखडी झालेली असते. खालून उजेड आला की ती बाराखडी उलटी होते आणि तोंडाच्या कोपऱ्यातली रेघ वर वळली की खाली, हे डोळ्यांना सांगता येत नाही. जुन्या नाटकांत रंगमंचाच्या कडेला खाली दिवे लावत, तेव्हा पहिल्या रांगेतल्यांना नायिका हसताना भेसूर का दिसे, त्याचे कारण हेच.

इथवर मी स्वतःची समजूत छान घातली होती. आता त्या सकाळचे सांगतो.

त्या सकाळी मी वाईला गेलो होतो तो चित्र काढायला नव्हे. मधल्या आळीतला आमचा वाडा विकायचे आम्ही तिघा भावांनी ठरवले होते. पुण्यात घरे घ्यायची होती, कर्जे वाढत होती, वाड्याच्या तुळया वाकल्या होत्या. कारणे सगळी खरी होती. अक्का त्या वाड्यात राहत होती, एवढे एक सोडले तर. तिला सांगायचे काम माझ्याकडे आले, कारण मी तिचा लाडका. मी रंगांची पेटी बरोबर घेतली. म्हटले, घाटावर नेऊ, चित्र काढू, मग सांगू. बोलायचे टाळायचे असले की चित्रकला फार उपयोगी पडते.

ती बसली. मी छत्री केली, खांदे केले, डोळे केले. ती पाण्याकडे पाहत होती. मान न वळवता म्हणाली, "बापू, वाड्याचा सौदा ठरला का रे?"

धाकट्याने पत्र लिहून कळवले होते. मला ठाऊक नव्हते.

मी "हो" म्हणालो. तिच्याकडे पाहून नाही, पाण्याकडे पाहून. पाणी काळे होते, समोरच्या काठावरच्या झाडांची सावली अजून त्यावरून हटायची होती, हे मला स्वच्छ आठवते.

"बरं," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "तुझं चित्र होऊ दे आधी."

ते झाले. उठताना तिने चित्र पाहिले आणि म्हणाली, "छत्री छान आलीय." त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. वाडा गेला. अक्का वाईतच दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिली आणि पाय थकेपर्यंत पुण्याला आली नाही. ज्या हॉलमध्ये चित्र लावायचे घाटते आहे तो त्याच पैशातला आहे.

म्हणून ती रेघ मला हवी आहे. ती वाड्याच्या बोलण्याआधीची असेल तर ते उन्हातले साधे तोंड आहे, आणि मी त्यावर थोडे हसू चढवले तरी कुणाचे काही जाणार नाही. नंतरची असेल तर गोष्ट वेगळी. आणि कुणी सांगावे, ती रेघ अक्काची नसून माझीच असेल. जे मला ठाऊक होते आणि तिला नाही असे मी समजत होतो, तेच हातातून उतरले असेल.

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी टेबलाचा दिवा लावला, चष्म्यावर भिंग धरले आणि चित्र वाचायला बसलो. तैलरंग ओले असताना एकावर दुसरा फटकारा मारला की वरचा ब्रश खालचा रंग थोडा ओढून नेतो, आणि वाळल्यावर तो पुरावा चाळीस वर्षेही जात नाही. तोंडाची रेघ अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची. तिच्या जाड टोकात एक बारीक हिरवट पिवळा तंतू अडकला होता. तो रंग चित्रात एकाच ठिकाणी आहे: हनुवटीखाली. ऊन पाण्यावर आल्यावर तिथे जो उजेड खालून नाचू लागला, त्याचा. म्हणजे आधी पाणी उजळले, मग हनुवटी झाली, मग तोंड. आणि तिने विचारले तेव्हा पाणी काळे होते.

मी भिंग खाली ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा उचलले. तंतू होता तिथेच होता.

तिला ठाऊक असताना मी ती रेघ ओढली, एवढे कळले. रेघ वर वळते की खाली, ते काही कळले नाही. दिवा उजवीकडे धरला की अक्का मला समजून घेऊन हसते. डावीकडे धरला की हसत नाही. पॅलेटवर मी पांढरा आणि लाईट रेड काढून ठेवला होता, पातळ ब्रश धुऊन ठेवला होता. पहाटे हिने उटण्याची वाटी आणली तेव्हा रंगांवर साय धरली होती.

"झालं का हो?" तिने विचारले.

"झालं," मी म्हणालो.

तिने चित्र पाहिले. बराच वेळ पाहिले. म्हणाली, "काही केलेलं दिसत नाही."

पाडव्यानंतर फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याला सांगितले, काच नको, तैलचित्राला काच लागत नाही. त्याने मोजमाप घेतले, सागवानी पट्टी दाखवली आणि विचारले, "खाली पितळी पट्टीवर नाव काय टाकायचं? कुणी देवाघरी गेलेलं असलं तर जन्म-मृत्यूची तारीखही टाकतात. अक्षरावर पैसे आहेत."

मी म्हटले, "छत्री."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने बोटांवर मोजले आणि दोन अक्षरांचे पैसे लावले.